‘आमच्या हद्दीत येत नाही’: ऑनलाइन फसवणुकीची केस नक्की कुठे चालते?

समजा, एटापल्लीतल्या एका मुलीला टेलिग्रामवर ‘घरबसल्या टास्क’चं काम मिळालं. सुरुवातीला दोन-तीनशे रुपये खात्यात आले, विश्वास बसला. मग तिने तीन हप्त्यांत ४२,००० रुपये भरले आणि समोरचा गायब झाला. पैसे गेले ते खातं राजस्थानात, सिमकार्ड आसामचं आणि बोलणारा माणूस कदाचित कंबोडियात. मग हा गुन्हा घडला कुठे? तक्रार कुठे करायची? केस कुठल्या कोर्टात चालणार? त्यासाठी तिला राजस्थानात जावं लागणार का?

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत हे प्रश्न पुस्तकी नाहीत. सिरोंच्याहून नुसतं जिल्ह्याच्या ठिकाणी यायचं तर रस्त्याने दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. परराज्यात जाऊन केस लढणं हा पर्यायच नसतो. त्यामुळे कोणी ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ म्हटलं, की बहुतेक लोक तिथेच गप्प बसतात.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, वकील नाही. पण पेमेंटच्या सिस्टिमवर काम करतो, त्यामुळे मित्र आणि नातेवाईक असल्या वेळी मलाच फोन करतात. माझ्या एका मावसभावाला एका ठाण्यातून सांगितलं गेलं, ‘पैसे जिथे गेले तिथे जा.’ तेव्हा मी कायदाच काढून वाचला. वाचल्यावर कळलं की कायदा यापेक्षा बराच साधा आहे आणि चक्क आपल्या बाजूचा आहे.

हद्द म्हणजे काय?

कोर्टाचा अधिकार दोन गोष्टींवर ठरतो. पहिली, गुन्हा किती मोठा आहे. दुसरी, तो कुठे घडला. या दुसऱ्या गोष्टीला प्रादेशिक अधिकारक्षेत्र म्हणतात. बोलीत आपण त्याला हद्द म्हणतो.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १९७ मधला मूळ नियम असा: गुन्हा ज्या कोर्टाच्या हद्दीत घडला, तिथेच साधारणपणे त्याची चौकशी आणि सुनावणी व्हावी. चोरी किंवा मारामारीसाठी हे सरळ आहे. वरोऱ्यात दुकान फुटलं, तर केस वरोऱ्यात.

फसवणूक मात्र एका जागी घडत नाही. खोटं एका गावातून बोललं जातं, दुसऱ्या गावात ऐकलं जातं. पैसे एकीकडून निघतात, दुसरीकडे पोहोचतात. म्हणून कायद्याने फसवणुकीसाठी वेगळं कलम ठेवलं आहे.

कलम २०२: चार ठिकाणं, चारही चालतात

लेखातलं एकच कलम लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. फसवणूक पत्र, फोन किंवा इलेक्ट्रॉनिक संदेशातून झाली असेल, तर पुढच्यापैकी कुठल्याही ठिकाणच्या कोर्टाला केस चालवता येते:

१. संदेश जिथून पाठवला गेला ते ठिकाण
२. संदेश जिथे मिळाला ते ठिकाण
३. फसलेल्या माणसाने पैसे जिथून दिले ते ठिकाण
४. आरोपीला पैसे जिथे मिळाले ते ठिकाण

(तिसरा आणि चौथा मुद्दा फसवून पैसे किंवा वस्तू काढून घेण्याच्या गुन्ह्यासाठी आहे. आपल्या बहुतेक ऑनलाइन केसेस त्यातच येतात.)

आता एटापल्लीच्या मुलीचं उदाहरण यात बसवा. पहिलं ठिकाण परदेशात, चौथं राजस्थानात. पण दुसरं आणि तिसरं? दोन्ही एटापल्ली. मेसेज तिथे वाचला, ‘पे’ बटण तिथेच दाबलं. म्हणजे चारपैकी दोन ठिकाणं तिच्या घरातच आहेत. ऑनलाइन फसवणुकीत जवळपास नेहमी असंच असतं, कारण फोन फसलेल्या माणसाच्या हातात असतो.

कलम १९८ आणि १९९ याला आणखी आधार देतात. गुन्ह्याचा काही भाग एका हद्दीत आणि काही भाग दुसऱ्या हद्दीत घडला असेल, किंवा कृत्य एकीकडे आणि परिणाम दुसरीकडे झाला असेल, तर दोन्हीकडच्या कोर्टांना अधिकार आहे.

आरोपी भारताबाहेर बसला असेल तरी सुटत नाही. भारतातल्या कॉम्प्युटरला किंवा फोनला लक्ष्य करून बाहेरून केलेल्या गुन्ह्यालाही माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० लागू होतो. त्याला पकडून आणणं अवघड आहे, हे खरं. पण अवघड असणं वेगळं आणि हद्दीत नसणं वेगळं.

व्हॉट्सअ‍ॅपच्या आधीची गोष्ट: कराची, मुंबई आणि तांदूळ

हा विचार मोबाईलच्या जमान्यातला नाही. १९५१ मध्ये, गोवा पोर्तुगीजांकडे असताना, तिथे तांदळाची टंचाई होती. गोव्यातल्या एका व्यापाऱ्याने मुंबईतल्या दलालामार्फत कराचीच्या एका माणसाशी व्यवहार ठरवला. सगळं बोलणं पत्रं, तारा आणि ट्रंककॉलवर झालं. तांदूळ तयार आहे, जहाजाची सोय झाली आहे, अशा थापा कराचीहून येत राहिल्या. व्यापाऱ्याने मुंबईतून साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम दिली. तेव्हाच्या मानाने ही प्रचंड रक्कम होती. तांदूळ काही आला नाही.

पुढे हा आरोपी इंग्लंडमध्ये सापडला. दुसऱ्या एका प्रकरणात त्याला भारतात आणलं गेलं आणि मुंबईत या फसवणुकीचा खटला चालून शिक्षा झाली. त्याचा बचाव असा होता: मी पाकिस्तानी नागरिक आहे, त्या काळात मी मुंबईत पाऊलही ठेवलं नाही, मग मुंबईच्या कोर्टाला माझ्यावर अधिकार कसा?

‘मुबारक अली अहमद विरुद्ध मुंबई राज्य’ या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर १९५७ मध्ये हा बचाव फेटाळला. आरोपी शरीराने कुठे होता हे महत्त्वाचं नाही. खोटी माहिती मुंबईत पोहोचली आणि तिच्यावर विश्वास ठेवून पैसे मुंबईत दिले गेले. म्हणजे गुन्हा मुंबईतच घडला.

तारेच्या जागी टेलिग्राम ठेवा, दलालाच्या जागी ‘एचआर मॅडम’ ठेवा. गोष्ट तीच आहे. नव्या संहितेने फक्त ‘इलेक्ट्रॉनिक संदेश’ हे शब्द कलमात स्पष्ट लिहून टाकले.

मग झिरो एफआयआर कशाला?

हा शब्द सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण बऱ्याचदा चुकीच्या जागी वापरला जातो. कलम १७३ सांगतं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती, गुन्हा कुठल्याही भागात घडलेला असो, पोलीस ठाण्यात नोंदवता येते. हद्दीबाहेरचा गुन्हा असेल तर ठाणं शून्य क्रमांकाने एफआयआर नोंदवतं आणि योग्य ठाण्याकडे वर्ग करतं. हाच झिरो एफआयआर.

पण एटापल्लीच्या मुलीला झिरो एफआयआरची गरजच नाही! मेसेज तिथे मिळाला आणि पैसे तिथून गेले, म्हणजे गुन्हा एटापल्ली ठाण्याच्या स्वतःच्या हद्दीत आहे. तिथे नेहमीच्या क्रमांकाने एफआयआर व्हायला हवा. हा फरक बारीक वाटतो, पण त्याने खूप काही बदलतं. झिरो एफआयआर दुसरीकडे वर्ग होतो. नेहमीचा एफआयआर तुमच्या ठाण्यात राहतो, तपास अधिकारी तुमच्या जिल्ह्यातला असतो आणि केस तुमच्या इथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर येते.

झिरो एफआयआर कामाला येतो तो असा: तुम्ही चंद्रपूरहून पुण्याला निघालात, रस्त्यात कुठेतरी फसवणूक झाली आणि पुण्यात उतरल्यावर लक्षात आलं. तेव्हा उलटं फिरू नका. पुण्यातल्या ठाण्यात तक्रार द्या, पुढे वर्ग करणं हे त्यांचं काम. आणि पुण्याच्या हॉस्टेलवर बसूनच फसवणूक झाली असेल, तर हद्द पुण्याचीच. त्यासाठी गावी यायची गरज नाही, खातं गावच्या बँकेत असलं तरी.

टॉवर पलीकडचा लागला तर?

सिरोंचा, जिवती, राजुरा, कोरची या भागातला हा खास प्रश्न आहे. सीमेजवळ फोन कधीकधी शेजारच्या राज्याचा टॉवर पकडतो आणि स्वागताचा मेसेजही येतो. त्याने हद्द बदलत नाही. तुम्ही कुठे होतात हे महत्त्वाचं, फोनने कुठला टॉवर पकडला हे नाही. टॉवरची नोंद हा फक्त एक पुरावा आहे, बाकीच्या पुराव्यांसोबत बघायचा.

जिवती तालुक्यातल्या १४ गावांवर तर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात. तिथल्या अनेकांकडे दोन्ही राज्यांची मतदार ओळखपत्रं आहेत. तिथेही फसलेल्या माणसाने आधी सीमावाद सोडवत बसायचं कारण नाही. जवळचं ठाणं गाठायचं आणि तक्रार द्यायची. हद्दीबद्दल खरंच शंका असेल तर ती कोर्टाने सोडवायची असते. एकाच गुन्ह्याची दखल दोन कोर्टांनी घेतली, तर केस कुठे चालेल हे हायकोर्ट ठरवतं.

ठाणं ‘हद्द नाही’ का म्हणतं?

पोलिसांच्या बाजूने बघितलं तर कारणं समजतात. अशा केसमध्ये तपासासाठी परराज्यात माणसं पाठवावी लागतात, बँकांशी पत्रव्यवहार करावा लागतो आणि आरोपी सापडेलच असं नसतं. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्यांचा तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा, असं त्या कायद्याचं कलम ७८ सांगतं. लहान ठाण्यात असा अधिकारी नसेल तर प्रकरण जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे पाठवलं जातं. ते चुकीचं नाही. पण ‘तपास सायबर ठाणं करेल’ हे एक आणि ‘तक्रारच घेणार नाही’ हे दुसरं. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात नोव्हेंबर २०१३ मध्ये स्पष्ट केलं आहे की माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. आणि फसवून पैसे काढून घेणं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), दखलपात्र आहे.

तरीही नकार मिळाला तर पायऱ्या अशा:

• तक्रार लेखी द्या आणि पोच मागा. अर्जात हे वाक्य लिहा: ‘संदेश मला अमुक ठिकाणी मिळाला आणि रक्कम मी त्याच ठिकाणाहून पाठवली.’ कलम २०२ चा उल्लेख करा.
• पोच दिली नाही तर तोच अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. ही सोय कलम १७३(४) मध्येच आहे.
• तिथूनही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्र जोडून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ते कलम १७५(३) खाली तपासाचा आदेश देऊ शकतात.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती आणि महिला यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे, त्यात उत्पन्नाची अट नाही. आपल्या भागातल्या खूप लोकांना हे लागू होतं आणि खूप कमी लोकांना हे माहीत आहे.

आधी १९३०, मग ठाणं

हद्दीचा विचार करत बसण्यात वेळ घालवू नका. पहिला फोन १९३० वर, किंवा सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार. देशात कुठूनही करा, इथे हद्दीचा प्रश्नच नाही. तुमच्या व्यवहाराचा क्रमांक बँकांच्या साखळीत पुढे पाठवला जातो आणि पैसे ज्या खात्यात अजून शिल्लक असतील तिथे ते रोखले जातात. फसवणारे काही मिनिटांत पैसे एका खात्यातून दुसऱ्यात हलवतात, त्यामुळे इथे मिनिटाला किंमत आहे.

पण हे लक्षात घ्या: पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नाही. रोखलेली रक्कम परत मिळवण्यासाठी कोर्टाचा आदेश लागू शकतो. त्यासाठी संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज होतो, आणि तो तपास ज्या हद्दीत चालू आहे तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. म्हणजे एफआयआर गडचिरोली जिल्ह्यात असेल तर पैशासाठीचा अर्जही इथेच. एफआयआर परराज्यात वर्ग झाला असेल तर अर्जासाठी वकील तिकडचा, तारीख तिकडची आणि भाषाही तिकडची. एवढं करून पैसे परत मिळवायला कोण जाईल? म्हणून हद्दीचा प्रश्न शेवटी पैशाचाच प्रश्न आहे.

पुराव्यासाठी हे जपून ठेवा:

• यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक, तारीख आणि वेळ
• पूर्ण चॅट. नुसते स्क्रीनशॉट नकोत, मूळ चॅट फोनमध्ये राहू द्या
• समोरच्याचे नंबर, यूपीआय आयडी, लिंक
• बँकेचं स्टेटमेंट
• फोन स्वतः. तो रिसेट करू नका, विकू नका

हाच नियम उलटा फिरतो तेव्हा

इथपर्यंतचा भाग फसलेल्यांसाठी होता. आता जे सांगतोय ते कॉलेजातल्या पोरांनी नीट वाचा.

‘तुझं खातं दोन महिने वापरायला दे, पाच हजार देतो. फक्त एटीएम कार्ड आणि सिम दे.’ ही ऑफर आता खेड्यापाड्यात पोहोचली आहे. अशा भाड्याच्या खात्यांतूनच फसवणुकीचे पैसे फिरतात. समजा बल्लारपूरच्या एका मुलाने असं खातं दिलं आणि कोचीमधल्या निवृत्त शिक्षकाचे चार लाख त्यात आले. आता तीच चार ठिकाणं पुन्हा बघा. संदेश मिळाला कोचीत, पैसे दिले कोचीतून. म्हणजे कोचीच्या कोर्टाला पूर्ण अधिकार आहे.

पोलीस तपासात पहिला माणूस कोण सापडतो? ज्याच्या नावावर खातं आहे तो. कारण त्याचं आधार, फोटो आणि पत्ता बँकेत आहे. कंबोडियातला माणूस नंतर, सापडला तर. केरळ पोलीस इथे येऊन अटक करू शकतात. २४ तासांच्या आत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करतात, ट्रान्झिट रिमांड घेतात आणि गाडीत बसवतात. पुढे जामीन कोचीत, तारखा कोचीत. एकाच खात्यात पाच राज्यांतल्या लोकांचे पैसे आले असतील तर पाच राज्यांत पाच केस होऊ शकतात. ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव असू शकतो, पण तो मांडायला प्रत्येक ठिकाणी जावं लागेल. पाच हजारांत हे परवडणारं नाही.

आणि काहीही न करता तुमचं खातं गोठलं तर? उदाहरणार्थ, तुम्ही जुना फोन विकला आणि घेणाऱ्याने फसवणुकीच्या पैशांतून रक्कम दिली. असं झालं तर बँकेकडून तीन गोष्टी लेखी मागा: कुठल्या पोलीस ठाण्याने गोठवलं, तक्रारीचा क्रमांक काय आणि किती रकमेसाठी. मग त्या तपास अधिकाऱ्याला व्यवहाराचे पुरावे ईमेलने आणि पोस्टाने पाठवा. नुसत्या वादातल्या रकमेपुरती रोख ठेवून बाकी खातं मोकळं करा, अशी मागणी करता येते.

हद्द कळली की थापाही ओळखता येतात

‘तुमच्या नावाने मुंबईत गुन्हा दाखल आहे, दिल्लीच्या कोर्टात आत्ता ऑनलाइन सुनावणी आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका.’ या ‘डिजिटल अरेस्ट’ नावाच्या प्रकाराला कायद्यात कुठेच जागा नाही. अटक ही प्रत्यक्षच होते आणि नंतर माणसाला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर न्यावंच लागतं. पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावू नये, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं आहे. असा कॉल आला तर एकच प्रश्न विचारा: कुठलं ठाणं, गुन्हा क्रमांक काय? उत्तर काहीही येवो, फोन ठेवा आणि जवळच्या ठाण्यात जाऊन खात्री करा.

थोडक्यात

• पैसे गेले की आधी १९३०, लगेच.
• मेसेज जिथे मिळाला आणि पैसे जिथून गेले, ते ठाणं आणि ते कोर्ट तुमचं.
• पोर्टलच्या तक्रारीवर थांबू नका, एफआयआरची प्रत मागा. ती मोफत मिळते.
• ‘हद्द नाही’ ऐकलं तर लेखी अर्ज, मग अधीक्षक, मग न्यायदंडाधिकारी.
• खातं आणि सिम कोणालाही भाड्याने देऊ नका.

तुमच्या ओळखीत कोणी ‘पैसे दुसऱ्या राज्यात गेले, आता काय होणार’ म्हणून तक्रारच केली नसेल, तर त्याला कलम २०२ ची ती चार ठिकाणं दाखवा. त्यातली दोन त्याच्या घरातच निघतील.